थोरलीची खोडी

खंडेनवमीच्या दुपारी मी पूजेतला स्क्रू ड्रायव्हर उचलला.

आमच्याकडे त्या दिवशी कुठल्याही हत्याराला हात लावत नाहीत. सकाळीच तात्यांनी शेडमध्ये पाटावर धुतलेलं कापड अंथरून पाने, पकडी, हातोड्या, कानशी ओळीनं मांडल्या होत्या. प्रत्येकाला हळदीकुंकवाची बोटं लावली होती, वर झेंडू वाहिला होता. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, पूजा उतरेपर्यंत एक स्क्रूसुद्धा फिरवायचा नाही. आयटीआयमध्ये बत्तीस वर्षं मोटार मेकॅनिकचा वर्ग शिकवताना माझ्या वडिलांनी हा नियम पोरांनाही लावला होता. म्हणूनच मी ती वेळ निवडली. त्या दिवशी तात्या कुठल्याही गाडीचं बॉनेट उघडणार नाहीत, याची मला खात्री होती.

ते आत झोपले होते. आई मागच्या दारात तांदूळ निवडत बसली होती. तांदूळ निवडलेलेच होते.

"झालं का?" तिनं हळू आवाजात विचारलं.

"अजून हातसुद्धा लावला नाही."

"लवकर कर बाई. कूस बदलायला लागलेत."

शेडमध्ये चौघी उभ्या होत्या. थोरली म्हणजे एकावन्न सालची हिलमन. मग लँडमास्टर, मग स्टँडर्ड हेराल्ड आणि सगळ्यांत धाकटी बहात्तरची फियाट. तात्यांनी यांतली एकही चालती म्हणून घेतलेली नव्हती. थोरलीत कोंबड्या राहत होत्या. हेराल्ड एका लाकडाच्या वखारीमागं चाकांशिवाय सापडली होती. एकेकीला तीन-तीन, चार-चार वर्षं देऊन त्यांनी उभं केलं होतं. रोज संध्याकाळी ते प्रत्येकीचं दार एकदा उघडून लावायचे आणि नुसतं ऐकायचे. "लँडमास्टरचं दार जड लागतंय," म्हणायचे, "हवेत ओल हाय आज." आई त्यावर म्हणायची, "माझं दार कधी ऐकलं नाही ते!"

दसऱ्याला या चौघींचं सीमोल्लंघन असे. दुपारच्या मुहूर्तावर गाडी फाटकाबाहेर काढायची, संकेश्वर रस्त्यानं ओढ्याचा पूल उतरून जुन्या जकात नाक्यापलीकडं न्यायची, वळवून परत आणायची. चार गाड्या, चार फेऱ्या, चालवणारे एकटे तात्या. क्रम वयाचा. थोरलीनं मुहूर्तावर वेस ओलांडल्याशिवाय धाकट्यांनी जागचं हलायचं नाही. एका वर्षी ऐन दसऱ्याला थोरलीच्या स्प्रिंगचा पाटा मोडला, तेव्हा बाकीच्या तिघी दिवसभर हार घालून शेडमध्येच उभ्या होत्या. त्यामुळं मला चार गाड्या बिघडवायची गरज नव्हती. एक पुरेशी होती.

आणि बिघडवणं भाग होतं. गणपतीच्या आठवडाभर आधी, शाळा सुटायच्या वेळी, तात्यांची फियाट रस्ता सोडून शाळेच्या कुंपणाला घासत गेली होती. पाचवीतल्या एका मुलीच्या दप्तराचा पट्टा दाराच्या हँडलमध्ये अडकून तुटला. मुलगी पडली, उठली, रडत घरी गेली. तिला साधं खरचटलंही नाही. पट्टा मात्र हँडलला लोंबत आमच्या घरापर्यंत आला. "ब्रेक लागला न्हाई," तात्या सगळ्यांना सांगत राहिले. त्यांचा जुना विद्यार्थी गौस मुजावर, त्याचं बसस्टँडजवळ गॅरेज आहे, त्यानं तात्यांच्या नकळत चारही चाकं खोलून बघितली. ब्रेकला काही झालं नव्हतं.

मी पुण्याहून आले त्या दिवशी आईनं कपाटातून तो पट्टा काढून माझ्यासमोर ठेवला. निळा, प्लास्टिकचं बक्कल असलेला.

"दसऱ्याला पुलावर किती माणूस असतंय, ठाऊक हाय न्हवं तुला?" एवढंच ती म्हणाली.

सगळं करून झालं होतं. डॉक्टरांनी गाडी बंद करा म्हणून सांगितलं, तर तात्या हसले. आईनं फियाटची किल्ली लपवली, तर त्यांनी वायरी जोडून गाडी सुरू केली आणि दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. थोरलीला किल्लीच नव्हती, नुसतं बटण. मी समजावून पाहिलं, तर म्हणाले, "एम.ए. मराठीत केलंस न्हवं तू? डॉक्टरकी कधी शिकलीस?"

फळीवर डालड्याचा डबा होता. मी तो उतरवला. त्यात निकामी सुटे भाग होते आणि तात्यांनी ते माझ्यासाठीच जमवलेले होते.

मी आठ-नऊ वर्षांची असल्यापासून आमचा रविवारचा एक खेळ होता. तात्या एखाद्या गाडीतला चांगला भाग काढून डब्यातला निकामी भाग बसवत. त्याला आम्ही खोडी म्हणायचो. मग ते स्टुलावर बसत आणि म्हणत, "वैजू, थोरलीच्या मनात आज काय हाय, बघ." मी हुंगायची, ऐकायची, चाचपायची. विचारायचं काही नाही. खोडी सापडली की डॅशबोर्डच्या कप्प्यातली लिमलेटची गोळी माझी. खोडी करणाऱ्यानं ती आधीच तिथं ठेवायची, असा नियम होता. आणि माझा हात खोडीपाशी येऊन तसाच पुढं निघाला, तर तात्या बोलत नसत. हातातला पाना मडगार्डवर दोनदा वाजवत. टण्, टण्. मग मी हात मागं आणायची.

मी डब्यातून कंडेन्सर निवडला. भुईमुगाच्या शेंगेएवढी पत्र्याची नळी. चांगला आणि निकामी, दिसायला दोन्ही सारखेच. तो गेला की निळी ठिणगी पिवळी पडते आणि इंजिन नुसतं खोकतं. ही खोडी मी दहाव्या वर्षी शोधली होती. तात्यांना पाऊण तास लागेल, फार तर तास, असं मी धरलं. सव्वादोन ते तीन मुहूर्त. तेवढ्यात तो टळला असता आणि मुहूर्त टळल्यावर त्यांनी गाडी काढली नसती. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.

बॉनेट उघडून ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. आतला स्क्रू घट्ट होता. फिरवला. चांगला कंडेन्सर खिशात टाकला, निकामी बसवला, झाकणाच्या क्लिपा लावल्या. स्क्रू ड्रायव्हर परत पाटावर ठेवताना दिसलं की त्याच्यावरचं कुंकू थोडं पुसलं गेलंय. मी करंड्यातून बोटभर घेऊन परत लावलं आणि झेंडू सरळ केला.

"झालं," मी आईला म्हटलं.

तिनं निवडलेले तांदूळ परत डब्यात ओतले.

दसऱ्याला तात्या पहाटेच उठले. पूजा उतरवली, प्रत्येक हत्यार रॉकेलच्या फडक्यानं पुसून जागेवर ठेवलं. पांढरा शर्ट घातला. चौघींना हार घातले. दोन वाजता गौस स्कूटरवरून आपट्याच्या पानांची पिशवी घेऊन आला आणि त्यांच्या पायाला हात लावून म्हणाला, "सर, यंदा थोरली मी चालवू का?"

त्याला आईनंच तसं सांगितलं होतं.

"तू?" तात्या म्हणाले. "दोन वर्षं शिकवलं तुला. गिअर टाकताना अजून बैल हाकल्यागत टाकतोस."

"आता सुधारलोय की, सर."

"काय सुधारलाईस? परवा तुझी जीप चौकात वरडत होती, ते मी घरात ऐकलं."

गौस हसला. माझ्याकडं बघून त्यानं खांदे उडवले. खोडीचं त्याला काही माहीत नव्हतं.

सव्वादोन वाजता तात्या थोरलीत बसले. आई ओवाळणीचं ताट घेऊन पायरीवर उभी होती. ताटात एक लिंबू होतं. गाडी हलायच्या आधी ते पुढच्या चाकाखाली ठेवायचं.

तात्यांनी चोक ओढला, बटण दाबलं. थोरली फिरली, दोनदा खोकली आणि गप्प झाली. परत दाबलं. परत खोकली.

"उपाशी हाय बाई," तात्या खाली उतरून म्हणाले. ते खुशीतच होते. "बघू, काय रुसवा हाय."

त्यांनी बॉनेट उघडलं. शेडच्या भिंतीवरच्या घड्याळात दोन-वीस झाले होते. त्यांनी एका प्लगची वायर काढली, टोक इंजिनच्या धातूजवळ धरलं आणि मला म्हणाले, "दाब बटण."

मी आत हात घालून बटण दाबलं. वायरीच्या टोकाशी ठिणगी उडाली. पिवळी, मलूल.

"हाय की करंट," तात्या म्हणाले. "म्हणजे पेट्रोल येईना झालंय."

मला वाटलं, चेष्टा करतायत. आता माझ्याकडं वळून म्हणतील, काय गं, करंटचा रंग कुठला? हा प्रश्न त्यांनी मला शंभर वेळा विचारला होता. पण ते वळले नाहीत. कार्बोरेटरकडं वाकले.

गौसनं ठिणगी बघितली होती. त्याचं तोंड उघडलं. "सर, पिवळा..." एवढं म्हणाला आणि त्याची नजर माझ्यावर पडली. मी मान हलवली, जेमतेम दिसेल इतकी. तो माझ्याकडं बघत राहिला. मग आईकडं, मग माझ्या कुर्त्याच्या खिशावर घट्ट दाबलेल्या माझ्या हाताकडं. त्यानं तोंड मिटलं.

"काय म्हणालास?"

"काय न्हाई सर. पेट्रोल बघा."

तात्यांनी कार्बोरेटर उतरवला, शेडच्या फरशीवर वर्तमानपत्र पसरलं आणि एकेक भाग त्यावर मांडायला लागले. ते नेहमी उजवीकडून डावीकडं मांडत, ज्या क्रमानं काढलं त्या क्रमानं, म्हणजे जोडताना उलटं यायचं. त्या दिवशी पहिले चार भाग तसे मांडले. पाचवा पहिल्याच्या आधी ठेवला. सहावा हातात धरून त्याच्याकडं बघितलं आणि शर्टाच्या खिशात टाकला.

दोन-पस्तीस. बाहेर रस्त्यावरून माणसं जायला लागली होती. पुलाकडं, नव्या कपड्यांतली, पोरं खांद्यावर. फाटकातून कुणीतरी ओरडलं, "सर, आज मॅडम रुसल्या काय?"

"येतोय, येतोय," तात्या मान वर न करता म्हणाले.

त्यांनी सगळे भाग पेट्रोलनं धुतले, फुंकर मारली. जोडायला घेतलं आणि थांबले. वर्तमानपत्रावर हात फिरवला. स्टुलाखाली बघितलं.

"सर, मेन जेट?" गौसनं विचारलं.

"तेच बघतोय. हितंच ठेवलेला."

"खिशात आहे, तात्या," मी म्हटलं.

त्यांनी खिशातून तो पितळेचा तुकडा काढला. तळहातावर घेतला, उलटा केला, उजेडाकडं धरला.

"हे कशाचं गं?" त्यांनी मला विचारलं.

बत्तीस वर्षं त्यांनी ते फळ्यावर काढून दाखवलं होतं. माझ्या पाचवीच्या वहीच्या मागच्या पानावरही काढून दिलं होतं.

"द्या सर," गौस खाली बसत म्हणाला. "माझे हात पेट्रोलात हाईतच. मी जोडतो." त्यानं मान खाली घातली ती कार्बोरेटर चढवून होईपर्यंत वर केली नाही.

चढवला. बटण दाबलं. थोरली खोकली.

तात्यांनी बटणावरचं बोट काढलं नाही. बॅटरी बसत चालली, आवाज जड होत गेला, शेवटी नुसतं कट्-कट् झालं. मग त्यांनी हँडल काढलं, पुढं जाऊन लावलं आणि मारायला लागले. एक, दोन, तीन. पांढरा शर्ट पाठीला चिकटला. "तात्या, बास," मी म्हटलं. गौस म्हणाला, "सर, मी मारतो." त्यांनी ऐकलं नाही. सातव्या वेळी हँडल निसटून त्यांचा हात बंपरवर आपटला. मग ते स्टुलावर जाऊन बसले आणि सोललेल्या बोटांकडं बघत राहिले.

"गौस, फाटक लावून घे," ते म्हणाले.

"का सर? अजून येळ हाय."

"मला जमंना झालंय."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. आईनं ऐकलं नव्हतं. ती ताट घेऊन पायरीवर खाली बसली. गौस फाटकाकडं गेला, पण त्यानं ते लावलं नाही. आमच्याकडं पाठ करून उभा राहिला.

तीनला दहा कमी होते. मला हवं होतं ते झालं होतं. दहा मिनिटं गप्प उभं राहिलं की संपलं. पुलावर गर्दी होती, कपाटात पट्टा होता, आणि मी बरोबर केलं होतं. पण मी पाऊण तासाची खोडी केली होती. दहा वर्षांच्या मुलीला जमेल अशी निवडली होती. ती त्यांना तासाभरातच काय, कधीच सापडणार नव्हती, आणि हे त्यांना कळलं नसलं तरी आता मला कळलं होतं.

तात्या उठले. थोरलीच्या बॉनेटवर हात टेकून आत बघत राहिले, जसं माणूस विहिरीत बघतं. मग डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाच्या क्लिपा काढल्या. झाकण उघडलं. आत फडकं फिरवलं. कंडेन्सरवरूनही फिरवलं. बोटं क्षणभर तिथं होती. मग त्यांनी झाकण परत बसवलं आणि पहिली क्लिप लावली.

त्यांनी मघाशी धरायला दिलेला बारा-तेराचा पाना माझ्या हातात होता. मी तो मडगार्डवर वाजवला.

टण्, टण्.

दुसऱ्या क्लिपेवर त्यांचं बोट थांबलं.

ते माझ्याकडं वळले नाहीत. पहिली क्लिप परत काढली. झाकण उचललं. बराच वेळ आत बघितलं. मग डावा हात मागं करून म्हणाले, "स्क्रू ड्रायव्हर. बारका."

मी दिला. ते खाली वाकले, स्क्रूपाशी तो नेला आणि लावण्याआधी थांबले. मीही वाकले, तेव्हा मला दिसलं. स्क्रूच्या खाचेत लाल भरलं होतं. मोहरीएवढंही नव्हतं. हत्यारं त्यांनी पहाटे रॉकेलनं पुसली होती. खाचेतलं कुंकू आदल्या दिवशीचं होतं.

तात्यांनी अंगठ्याच्या नखानं खाच साफ केली. नखाकडं बघितलं. पँटला पुसलं. मग स्क्रू काढला, कंडेन्सर काढला, आणि तो गौसला दिसणार नाही असा मुठीत घेऊन स्वतःच्या खिशात टाकला.

"दुसरा दे," ते म्हणाले. हात माझ्यापुढं होता. नवे कंडेन्सर खणात असत, पलीकडच्या भिंतीला. त्यांनी खणाकडं बघितलंही नाही.

मी खिशातला काढून त्यांच्या तळहातावर ठेवला.

त्यांनी मूठ मिटली. "गरम हाय," ते म्हणाले.

त्यांनी तो बसवला. कुठं जायचं ते बोटांना ठाऊक होतं. झाकण लावलं, दोन्ही क्लिपा लावल्या. "गौस, ये रे. हँडल मार."

पहिल्याच हँडलला थोरली सुरू झाली. शेडचे पत्रे वाजले. रस्त्यावरची दोन-चार माणसं थांबून टाळ्या वाजवायला लागली. तात्या आत बसले, दार लावलं, स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवले. तीनला चार कमी होते.

आई पायरीवरून उठली. ताट गौसच्या हातात दिलं आणि लिंबू उचललं. चाकापाशी आली. पण ते ठेवलं नाही. लिंबू मुठीत धरून ती चाकापुढं उभी राहिली, तात्यांकडं बघत, आणि तात्या काचेतून तिच्याकडं. थोरली त्या दोघांमध्ये थरथरत होती. मी आईला बाजूला ओढायला हवं होतं की तिच्याशेजारी उभं राहायला हवं होतं, ते मला आजही सांगता येणार नाही. मी ड्रायव्हरच्या खिडकीपाशी गेले.

"तात्या," मी म्हटलं.

त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि तळहात उघडून माझ्यापुढं धरला.

"माझी लिमलेट?"

"नाही ठेवली, तात्या."

"खोडी करायची आणि लिमलेट ठेवायची न्हाई? ही कुठली रीत?"

ते चिडलेले नव्हते. त्यांनी हात मागं घेतला नाही. इंजिनच्या आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं ते म्हणाले, "एक विचारतो. खरं सांग. तू वाजवलंस तवा माझा हात कुठं होता?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? खेळ तुला शिकवावा लागतोय व्हय? हात जवळ येत होता, का पुढं गेलेला?"

जवळ येत होता, असं सांगता आलं असतं. तेवढंच सांगायचं होतं. मग ते स्वतःच थोरली चालवत पुलावर घेऊन गेले असते.

"पुढं गेला होता," मी म्हटलं. "तुम्ही झाकण लावत होता."

त्यांनी मान हलवली, विद्यार्थ्याचं उत्तर बरोबर आल्यावर हलवायचे तशी.

"आणि त्या दिवशी शाळेपाशी," ते म्हणाले, "ब्रेकला काय झालं न्हवतं."

"नाही, तात्या."

"गौसनं बघितलं ते मला ठाऊक हाय. चाकाचे नट त्यानं जादाच आवळलेत." त्यांनी तळहात मिटला आणि आत घेतला. मग स्टेअरिंगजवळच्या गिअरच्या दांड्याखालून एक पाय पलीकडं टाकला, सीटवरून सरकले आणि डावीकडं जाऊन बसले. "बस."

"मी थोरली कधी चालवली नाही."

"मग आज चालीव. मुहूर्त चाललाय."

मी बसले. सीट त्यांच्या अंगानं ऊबदार होती आणि घामानं ओली. आईनं खाली वाकून चाकाखाली लिंबू ठेवलं. मी क्लच सोडला. काहीतरी फुटल्याचा बारीक आवाज आला आणि आम्ही फाटकाबाहेर पडलो.

पुलावर माणसंच माणसं होती. मला थोरलीची रुंदी माहीत नव्हती, ब्रेक किती दाबला की लागतो ते माहीत नव्हतं. तात्या खिडकीतून हात बाहेर काढून लोकांना बाजूला करत होते आणि मधूनच मला सांगत होते, "दुसरा टाक. ओढू नको. ती देईल, तू नुसतं माग." कुणीतरी त्यांच्या हातात आपट्याची पानं दिली. कुणी म्हणालं, "सर, आज ड्रायव्हर ठेवला काय?"

"व्हय," तात्या म्हणाले. "पुण्याहून मागवलाय."

जकात नाका ओलांडला तेव्हा त्यांनी घड्याळ बघितलं आणि वळायची जागा दाखवली. मी गाडी वळवली. घरी आल्यावर ते थोरलीतून उतरले, लँडमास्टरपाशी गेले आणि स्वतःहून डावीकडचं दार उघडलं. मग हेराल्डचं. मग फियाटचं. फियाटमध्ये बसताना त्यांनी डावीकडच्या दाराच्या हँडलवरून एकदा बोट फिरवलं. चार फेऱ्या झाल्या. त्या दिवसानंतर तात्यांनी गाडी चालवली नाही. कुणालाही त्यांना नको म्हणावं लागलं नाही.

त्याला आज अकरा वर्षं झाली. त्यांतले नऊ दसरे मी पुण्याहून येत राहिले आणि ते डावीकडं बसत राहिले. आधी त्यांना रस्ते आठवेनात, मग माणसं. गौसला ते दुसऱ्याच कुणाच्या नावानं हाक मारायचे आणि तो ओ द्यायचा. शेवटच्या वर्षी आईला ते "बाई, तुम्ही कुठल्या?" असं विचारायचे. मला काही विचारत नसत. मी समोर बसले तरी ते माझ्या पलीकडं बघायचे. गेल्या वैशाखात ते गेले.

त्याच्या आधीच्या दसऱ्याला आम्ही त्यांना खुर्चीत बसवून शेडमध्ये आणलं. मी एकेकीचं दार उघडून लावलं. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. त्यांचे हात मांडीवर पालथे होते. गौस थोरलीला हार घालत होता. मी बारा-तेराचा पाना घेतला, मडगार्डवर दोनदा वाजवला आणि थांबले.

तात्यांचा उजवा हात मांडीवरून वर आला. हळूहळू उलटा झाला. कुणाकडंही न बघता त्यांनी तळहात पुढं केला.

या वेळी मी लिमलेट आणली होती.